चार आकड्यांची कोरी जागा

आमच्या घरी चूल पेटायच्या आधी शाईची कढई जागी होई. माझे वडील पोथ्यांच्या नकला करून देत. अमरावतीत त्यांना सगळे पोथीबुवा म्हणत, मी बाबा म्हणे. तिळाच्या तेलाच्या दिव्यावर धरलेलं काजळ, बाभळीचा डिंक आणि पाणी असं लोखंडी कढईत घालून ते लाकडी बत्त्यानं घोटत बसत. एकेका शाईचं घोटणं आठ-आठ दिवस चाले. त्या घरघरीवरच मी लहानाचा मोठा झालो. माय भाकरी थापून, अंबाडीची भाजी उतरवून, पाट मांडून वाट पाहायची आणि शेवटी दारातून म्हणायची, "गणू, तुया बापाले इचार, भाकर भाजीसंग खातेत का शाईसंग?" बाबा हसत, पण बत्ता थांबत नसे. शाईत गुठळी राहिली की अक्षराला पाय फुटतात असं त्यांचं म्हणणं होतं. अक्षराला पाय फुटणं याहून मोठं संकट आमच्या घराला ठाऊक नव्हतं.

आमचा पंथ लहान. वऱ्हाडात असतील पाच-सातशे घरं. मूर्ती नाही, देऊळ नाही. ज्या ज्या ठिकाणी आमचे थोरले स्वामी बसले, तिथं तिथं मातीचा एक ओटा, आणि त्या ओट्याला नमस्कार. बाळापूरच्या अलीकडे नदीकाठी असाच एक ओटा आहे. लहानपणी वर्षातून एकदा आम्ही गाडीनं तिथं जात असू, माय तिथं रोडगे भाजायची आणि वांग्याची भाजी करायची. ओट्याहून मोठं धन म्हणजे पोथी. स्वामींच्या शिष्यांनी त्यांच्या मागं एकत्र बसून, ज्याला जे आठवलं ते सांगून लिहवलेली ही पोथी. मूळ पोथी कधीच नाहीशी झाली होती. आमच्याकडे होती ती माझ्या खापरपणज्यांच्या हातची नक्कल, आणि वऱ्हाडातल्या बाकीच्या सगळ्या नकला तिच्यावरून झालेल्या. चातुर्मासात बाबा तिचं वाचन करीत. एरवी ती लाल बासनात बांधून उंच फळीवर ठेवलेली असे.

नकलेचे आमच्या घरात तीन नेम होते आणि ते मला बाराखडीच्या आधी पाठ झाले. पहिला नेम, समोरच्या पानावर जे वाचता येत नाही ते अंदाजानं लिहायचं नाही. जितकी अक्षरं गेली असतील तितकी जागा कोरी सोडायची. दुसरा नेम, चूक झाली तर इतर लेखक करतात तशी हरताळाची पिवळी पुटं चढवून ती झाकायची नाही. चूक तशीच राहू द्यायची, आणि पोथी पुरी झाली की शेवटच्या पानावर 'चुकी' असं लिहून त्याखाली आपली प्रत्येक चूक पान आणि ओळ सांगून कबूल करायची. तिसरा नेम हाताचा होता. कागदाला कसरीच्या किड्याचं भोक असलं तर त्यावरून बोरू न्यायचा नाही, शाई फुटते. भोक आलं की बोरू वळवायचा आणि अक्षर भोकाच्या कडेनं काढायचं. हे शिकवताना बाबा माझ्या मुठीवर आपली मूठ ठेवीत. मी सतरा वर्षांचा झालो तेव्हा माझं अक्षर त्यांच्या अक्षराशेजारी ठेवलं तर तिऱ्हाइताला फरक कळत नसे. त्यांना मात्र कळे.

त्या पोथीत स्वामी बाहेरून वऱ्हाडात आले त्या प्रसंगाचं एक पान आहे. तिथं 'शके' हा शब्द आहे आणि त्यापुढे चार आकड्यांची कोरी जागा. खापरपणज्यांच्या समोरच्या पोथीत ते आकडे पाण्यानं गेले असावेत. त्यांनी जागा सोडली, त्यांच्यावरून ज्यांनी ज्यांनी नक्कल केली त्यांनीही सोडली. पुढं कधीतरी त्या जुन्या बाडाला कसर लागली आणि तिचं एक भोक नेमकं त्या कोऱ्या जागेतून पार गेलं. बाबा वाचताना तिथं पोचले की 'शके' म्हणत, एक श्वास थांबत आणि पुढे जात. ऐकणारेही त्या श्वासापुरते गप्प बसत. आम्हा पोरांना ते वाचनाचाच भाग वाटे.

मग कापसाचे दिवस आले. अमेरिकेत कुणाची कुणाशी लढाई जुंपली हे आम्हाला ठाऊक नव्हतं, पण तिच्यामुळे आमचा कापूस सोन्याच्या मोलाचा झाला एवढं शेंबड्या पोरालाही कळत होतं. अमरावतीच्या रस्त्यावर गाड्यांची रांग उगवतीला सुरू होई ती मावळतीपर्यंत तुटत नसे. बैलांच्या घुंगरांनी कान किटत, आणि हवेत इतका कापूस उडे की माय वरणावर झाकण ठेवूनही त्यातून तंतू काढत बसे. जो तो इंग्रजी शिकलेल्या माणसाच्या शोधात. आमच्या पंथातले अकोल्याचे किसनशेट कापसाचे मोठे व्यापारी झाले होते. त्यांनी बाबांना निरोप धाडला, "पोराले माह्याकडं द्या, इंग्रजी शाळेत घालतो." बाबांना इंग्रजीचं फारसं कौतुक नव्हतं, पण मला होतं. असा मी अकोल्याला गेलो. किसनशेटच्या आवारात, कापसाच्या ढिगांना लागून असलेल्या एका खोलीत राहू लागलो आणि त्यांच्याच पंगतीला जेवू लागलो.

किसनशेट वाईट माणूस नव्हता हे आधीच सांगून ठेवतो. पुढं जे झालं ते ऐकून वाचक त्याला दोष देईल, तो देऊ नये. एकाएकी श्रीमंत झालेल्या माणसाला आपल्या देवानंही चांगल्या घरात राहावं असं वाटलं, एवढंच. बाळापूरच्या ओट्यावर त्याला दगडी मंडप बांधायचा होता आणि त्यावर शिळा बसवायची होती: स्वामी अमुक साली इथं बसले. "दगडात कोरलं म्हंजे मंग कोणाची माय व्याली नाई आमाले खोटं म्हणाची," असं तो म्हणे. त्याला अडचण एकच होती, साल.

आणि त्याच सुमारास अकोल्याच्या बाजारात पाद्रीसाहेब उभे राहू लागले. उंच, वाळलेले, उन्हानं नाकाची साल निघालेले. मराठी पुस्तकातून शिकलेले, त्यामुळे त्यांचं एकेक वाक्य इस्त्री केल्यासारखं येई. बाजाराच्या दिवशी लिंबाखाली उभं राहून ते सांगत होते, "मित्रहो, प्रभू येशू ही रचलेली कहाणी नव्हे. ज्या रोमी लोकांनी त्यास मानलं नाही, त्यांच्या ग्रंथांतही त्याचं नाव आहे. कोणत्या सुभेदाराच्या अमलात त्यास मारलं तेही लिहिलेलं आहे. मित्राची साक्ष कोणीही देईल. ही परक्यांची साक्ष आहे." मी शाळेतून येत होतो. गर्दीतल्या कुणीतरी मला पुढं ढकललं. "साहेब, हा पोथीबुवाचा पोरगा. याचा बी एक स्वामी आहे. याले इचारा!" पाद्रीसाहेबांनी टोपी काढली. चेष्टा म्हणून नव्हे, खरंच काढली. "आपले स्वामी कोणत्या साली झाले? कोणत्या राजाच्या वेळी? आपल्या पंथाबाहेरील कोणी त्यांचं नाव लिहिलं आहे काय?"

मी म्हणालो, "बाळापूरपाशी त्यांचा ओटा आहे. तिथं ते बसले होते." एक गाडीवान कापसाच्या गाठोड्यावरूनच ओरडला, "अबे, ओट्यावर तं कोणीबी बसते!" सगळा बाजार हसला. पाद्रीसाहेब हसले नाहीत. पण मला त्यांचाच राग आला, गाडीवानाचा नाही. प्रश्न त्यांनी विचारला होता. अकोल्याच्या रस्त्यांतून त्यानंतर मी जाऊ लागलो की वर्गातली पोरं मागून म्हणत, "ओट्यावर कोण बसलं रे?"

पुढं मी वकील झालो, पुष्कळ वाचलं, आणि मला कळलं की विलायतेतसुद्धा या प्रश्नावर पंडित एकमेकांच्या शेंड्या धरतात. परक्यांची ती साक्षही पुष्कळ वर्षांनंतरची आणि चार ओळींचीच आहे, असंही म्हणणारे आहेत. हजार वर्षांमागं होऊन गेलेला माणूस झाला होता हे सिद्ध करायला कुणापाशीच लखलखीत पुरावा नसतो. असते ती कुणाच्या तरी आठवणीची नक्कल, आणि प्रश्न इतकाच की नक्कल करणाऱ्याचा हात किती खरा. पण सतराव्या वर्षी हे कोण सांगणार? आणि ज्यानं सांगितलं त्याचं मी ऐकलं नाही.

दिवाळीला घरी आलो. माय सारवत होती, अंगणात मुगाच्या वड्या वाळत होत्या, आणि बाबा ओटीवर पाय पसरून बोरू तासत होते. मी बाजारातली हकिगत सांगितली, किसनशेटच्या शिळेचीही सांगितली. म्हणालो, "बाबा, सालाशिवाय शेट मंडप बांधत नाई."

"साल नाई," बाबा म्हणाले.

"अंदाजानं तरी?"

"अंदाज आपण लिवत नाई. जागा सोडतो."

"लोक हासून राह्यले! म्हणतात तुमचा स्वामी झालाच नाई."

"हासू दे. झाला का नाई, ते सालावर आहे काय?"

"मंग कायच्यावर आहे?"

बाबांनी बोरू खाली ठेवला. फळीवरून बासन काढलं, एक पान शोधून माझ्यापुढं धरलं. राजाचे शिपाई स्वामींना धरायला आले तो प्रसंग. स्वामींचा सगळ्यात आवडता शिष्य त्या वेळी त्यांना एकटं सोडून ज्वारीच्या शेतात जाऊन लपला. शिपाई निघून गेले तरी तो भिऊन बाहेर येईना. "हे सांगितलं कोणं? त्यानंच," बाबा म्हणाले. "सोता पयाला, अन् सोताच लिवून ठेवलं. मले तेवढं पुरते." त्यांच्या आवाजात असा भाव होता की जणू त्यांनी मला कुबेराचं भांडार उघडून दाखवलं. आणि मला मात्र वाटलं, हा माझा बाप अगदी भोळा आहे. पळपुट्या शिष्याची गोष्ट मी पाद्रीसाहेबाला पुरावा म्हणून दाखवू? बाजार आणखी हसेल.

दुसऱ्या दिवशी दुपारी बाबा कुणाच्या तरी घरी पाडव्याच्या जेवणाला गेले आणि माय शेजारी करंज्या द्यायला गेली. मी फळीवरून बासन काढलं. 'शके'चं पान वेगळं केलं. शाळेच्या इतिहासाच्या पुस्तकात देवगिरीच्या राजांच्या नावांखाली शकाची सालं दिलेली होती. त्यांतलं मधलंसं, कुणाला खटकणार नाही असं एक मी आधीच मनात ठरवून ठेवलं होतं. कढईतली शाई घेतली, बाबांनीच तासलेला बोरू घेतला. चार आकडे काढले. मधे भोक आलं तिथं बोरू आपसूक वळला. पान वाऱ्यावर धरून वाळवलं, इतिहासाच्या पुस्तकात घातलं आणि बासन जसं होतं तसं बांधून फळीवर ठेवलं. वाचन चातुर्मासात, तोवर ते कुणी उघडणार नव्हतं. संध्याकाळी मायनं रोडगे केले होते. मी चार खाल्ले.

अकोल्याला जाऊन मी पान किसनशेटच्या हातावर ठेवलं आणि म्हणालो, "बाबांनी पाठवलं. उन्हात धरून पाह्यलं तं साल दिसलं." किसनशेटच्या डोळ्यांत खरोखर पाणी आलं. त्यानं ते पान कपाळाला लावलं, बायकोला बोलावून दाखवलं, मला उराशी धरलं. त्या क्षणी खरं सांगून टाकण्याची संधी होती. मी त्याच्या उपरण्याला येणारा अत्तराचा वास घेत उभा राहिलो. आठवड्याभरात पाथरवटानं शिळा घडवायला घेतली. आवारात छिन्नीचा टकटक आवाज दिवसभर चाले, आणि माझ्या खोलीत तो सगळ्यात जास्त ऐकू येई.

शिळा पुरी झाली तेव्हा किसनशेटनं सभा बोलावली. पंथाची वऱ्हाडभरची मंडळी, गावातले चार प्रतिष्ठित, आणि मुद्दाम, पाद्रीसाहेब. बाबांना गाडी पाठवून आणवलं. निरोप इतकाच की शिळेची पूजा आहे, तुमच्या हातून होऊ द्या. सालाचा उल्लेख निरोपात नव्हता, कारण किसनशेटच्या समजुतीनं साल बाबांनीच पाठवलं होतं. बाबा धुतलेलं धोतर नेसून आले. त्यांनी मला जवळ घेऊन विचारलं, "काहून वाळला रे? जेवत नाई काय?" शिळेवर अजून फडकं झाकलेलं होतं.

सकाळची वेळ. आवारात जाजम अंथरलेलं. किसनशेटनं फडकं काढायच्या आधी ते पान चांदीच्या तबकात ठेवून पाद्रीसाहेबांपुढं धरलं. "पाहा साहेब. तुमी साल मांगत होते." पाद्रीसाहेबांनी चष्मा लावला. आधी त्यांनी वरच्या ओळी वाचल्या, मग खालच्या. मग पान उचलून उन्हाकडे धरलं आणि पुष्कळ वेळ तसेच उभे राहिले. वरच्या ओळीत कसरीनं एका अक्षराचा पोटभाग खाल्ला होता, खालच्या ओळीतही तसंच. अक्षरं आधी, भोक नंतर. फक्त सालातला तिसरा आकडा भोकाला वळसा घालून गेला होता. तो लिहिताना भोक आधीच तिथं होतं. उन्हात ते लांबूनही स्वच्छ दिसत होतं. पुढं वकिलीत मी अशी किती बनावट खरेदीखतं पकडली असतील! कोर्टात लोक माझ्या नजरेची वाखाणणी करीत, आणि मला दर वेळी ते ऊन आठवे.

"बुवा," पाद्रीसाहेब हळू आवाजात म्हणाले, "हे चार आकडे कोणी लिहिले?"

बाबा पुढे झाले. पान हातात घेतलं. त्यांच्या चेहऱ्यावर आधी नुसताच गोंधळ होता, जिथं दर वाचनाला श्वास थांबायचा तिथं काहीतरी उभं होतं म्हणून. मग त्यांनी आकडे पाहिले. मग मान न उचलता, फक्त डोळे उचलून माझ्याकडे पाहिलं. मी खांबाला टेकून उभा होतो. मला पुढं यायचं होतं असं मी पुष्कळ वर्षं स्वतःला सांगत आलो. ते खरं नाही. मला फक्त तिथून नाहीसं व्हायचं होतं, त्या शिष्यासारखं ज्वारीत.

"म्या लिवले," बाबा म्हणाले.

"आपण?"

"हो. म्याच."

किसनशेट खाली बसला. "बुवा, तुमी?" तो म्हणाला, "कोणंबी केलं असतं तं समजलो असतो. तुमी?" पंथातल्या एका म्हाताऱ्यानं तिथल्या तिथं उठून सांगितलं की आजपासून वाचन या माणसाच्या हातून होणार नाही आणि याच्या हातची नक्कल कुणी घरात ठेवणार नाही. बाबांनी मान हलवली, जसं एखाद्यानं बरोबर सांगितल्यावर हलवतात. त्यांनी पान तबकात परत ठेवलं नाही, आपल्या अंगरख्याच्या आत घातलं. मी अजून खांबाशीच होतो.

गाडी जुंपत होते तेव्हा पाद्रीसाहेब माझ्याजवळ आले. त्यांनी मला ओळखलं होतं आणि बाकीचंही ओळखलं होतं असं मला वाटतं. म्हणाले, "मी तुमच्या पंथाची पोथी मिळवून वाचली होती. त्यात एक शिष्य गुरूला सोडून पळतो. कहाणी रचणारा मनुष्य आपल्याच माणसांची लाज लिहीत नाही. आमच्या पुस्तकातही असा एक शिष्य आहे, तोही गुरूला ओळखत नाही असं म्हणाला. आणि मी पाहिलेल्या प्रत्येक नकलेत ती कोरी जागा होती. ज्यांनी इतक्या पिढ्या चार आकडेसुद्धा मनानं घातले नाहीत, त्यांची साक्ष मी मानणार होतो. हे सांगण्यासाठीच मी आज इथे आलो होतो." मग त्यांनी टोपी घातली आणि गेले. बाजारात ते पुन्हा आमच्या स्वामींविषयी काही बोलले नाहीत.

मी बाबांबरोबर अमरावतीपर्यंत गेलो. वाटेत भरल्या गाड्या समोरून येत, गाडीवान रामराम घालत, बाबा घालत. दुपारी एका विहिरीवर गाडी सोडली. बरोबर घेतलेली भाकर बाबांनी मोडली, मोठा तुकडा माझ्यापुढं ठेवला, वर ठेचा ठेवला. मी रडत होतो. ते खात होते. मग त्यांनी अंगरख्यातून ते पान काढलं, उन्हात धरलं, आणि म्हणाले, "लेखणी बरी वळवली. शिकवलं ते इसरला नाई." एवढंच. ते मरेपर्यंत या विषयावर माझ्याशी बोललेले तेवढंच. मायला काय सांगितलं ते मला ठाऊक नाही. ती मात्र त्यानंतर शाईवरून कधी थट्टा करेनाशी झाली.

याहून लाजिरवाणं पुढंच आहे. पंधरा दिवसांनी किसनशेटचा निरोप आला: बापानं केलं ते पोराच्या माथी मी मारत नाही, गणूला शाळेला पाठवा. आणि मी गेलो. त्याच आवारात, त्याच पंगतीला. शिळा एका भिंतीशी पालथी टाकली होती; हमाल तिच्यावर बसून भाकरी खात. मी शिकलो, वकील झालो, पंथातल्या लोकांनी माझा सत्कारही केला आणि त्या वेळी म्हणाले, बाप तसा निघाला पण पोरानं नाव काढलं. मी हार घालून घेतला. अमरावतीत बाबांकडे पोथी नकलायला कुणी येईना. तरी कढईचा आवाज बंद झाला नाही असं माय सांगे. ते एकच पोथी, तीच, पुन्हा लिहीत होते. कुणासाठी, ते ती विचारत नसे. ती पुरी झाल्यावर एका वर्षानं ते गेले. दोन्ही पोथ्या, जुनी आणि नवी, माझ्या घरी आल्या. मी त्या पेटीच्या तळाशी ठेवल्या आणि उघडल्या नाहीत.

गेल्या माघात पुण्याकडचे एक तरुण गृहस्थ भेटायला आले. जुने शिलालेख गोळा करून त्यांवर लेख लिहिणं हा त्यांचा छंद. त्यांनी मोठा कागद उलगडून माझ्यापुढं पसरला. शिळेवरून शाईनं घेतलेला ठसा. अकोल्याला एका जुन्या आवाराच्या विहिरीची पायरी म्हणून ती लावलेली होती, तिथं त्यांना सापडली. "आपल्या पंथाच्या मूळ पुरुषाचा काळच ठरत नव्हता," ते म्हणाले, "कित्येक जण तर तो झालाच नाही असं म्हणतात. आता दगडच बोलतोय! पोथीवर विश्वास नसेल त्यांनी दगडावर ठेवावा. आपलं काय मत?" त्यांचा चेहरा आनंदानं फुलला होता. माझ्या सुनेनं चहा आणला. मी आकड्यांकडे पाहिलं, पाथरवटानं माझं अक्षर हुबेहूब उतरवलं होतं. आणि मी म्हणालो, "असेल." त्र्याहत्तर वर्षांच्या माणसानं म्हटलं, असेल.

ते गेल्यावर मी पेटी उपसली. बाबांची नवी पोथी पहिल्यांदा उघडली. 'शके'च्या पानावर त्या शब्दापुढं चार आकड्यांची कोरी जागा होती, मोजून तेवढी. मग शेवटचं पान काढलं. वर 'चुकी' असं लिहिलेलं. बाराव्या पानावर एक शब्द दोनदा पडला. एकतिसाव्यावर ओळ वाकडी गेली. अशा पाच-सहा. आणि सगळ्यांत शेवटी, त्यांच्या त्या पाय न फुटलेल्या अक्षरात: 'अकोल्यास चारचौघांत एक खोटे बोललो. ते परत घेत नाही. बोलण्याचे कारण' आणि त्यापुढं एक अख्खी ओळ कोरी.

मी त्या ओळीकडे दोन दिवस पाहत होतो. खोटं लिहायचं नाही, आणि खरं लिहिलं तर पोरगा उघडा पडतो. म्हणून त्यांनी नेमाप्रमाणे जागा सोडली. त्या जागेला मी हात लावलेला नाही. पोथीतली कोरी जागा एकदा भरली, तेवढं या जन्माला पुरे आहे. जे तिथं नाही ते इथं लिहितो, आणि या प्रकरणाची एक नक्कल उद्याच्या टपालानं त्या पुण्याच्या गृहस्थांकडे जाईल. दगडावरचं साल खरं नाही. ते चार आकडे मी लिहिले होते. माझ्या वडिलांनी नाही.